तीन हजार कदमांवरचं हॉस्टेल

आबा,

काल तुमचा तेरावा झाला. पाहुणे पांगले, मांडव उतरला. आई आतल्या खोलीत पडून आहे आणि मला घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून तुमच्याशीच बोलायला बसले. तेरा दिवस लोक येऊन तुमच्याबद्दल सांगत होते. कुणी चीनची लढाई सांगितली, कुणी पाकिस्तानची. ज्यांनी पलटण लांबूनसुद्धा पाहिली नाही, तेही बर्फात तुमच्या शेजारी उभे असल्यासारखे बोलत होते. मी चहाचे कप उचलत ऐकत होते. तुम्ही सांगलीत माझ्यासाठी जी लढाई केलीत, तिचं नाव कुणी काढलं नाही. काढणार तरी कसं? ती आपल्या दोघांतली गोष्ट. आणि खरं सांगायचं तर तिच्यातली निम्मी लढाई आपण एकमेकांशीच केली.

आटपाडीच्या पुढं माळावर आपलं गाव. मोठा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. मी मॅट्रिक झाले आणि सायन्सला जाणार म्हणून हटून बसले. तोवर गावातली एकही मुलगी कॉलेजला गेली नव्हती. तुमचे धाकटे भाऊ, आपले बापूकाका, विट्याचं एक स्थळ खिशात घालूनच फिरत होते. सोप्यात चार माणसं बसलेली बघून त्यांनी विषय काढला.

"दादा, पोरगी सांगलीला एकली ठिवणार? उंद्या काय इपरीत झालं तर तोंड कुटं दाखवायचं?"

तुम्ही मिशीवरून हात फिरवलात. "बापू, तिची एक जरी तक्रार कागदावर आली, तर म्या सवता जाऊन तिला घिऊन यीन. मंग तू म्हनशील तितं लगीन."

झालं. चार माणसांसमोर शब्द गेला. तुमचा शब्द गेला की तो परत येत नाही, हे गावाला माहीत होतं आणि मला तर जरा जास्तच माहीत होतं. माझं सगळं शिक्षण त्या एका कागदावर टांगलं गेलं. मी दाराआडून ऐकत होते. मला कुणी काही विचारलं नाही. तेव्हा त्याचं काही वाटलंही नाही, कारण सांगलीला जायला मिळणार एवढंच डोक्यात होतं.

मग आपण हॉस्टेल बघायला गेलो. तुम्हाला आठवतंय का, एस.टी. स्टँडवरून तुम्ही मला ट्रंकेसकट थेट कॉलेजच्या फाटकाशी आणलंत, तिथल्या कट्ट्यावर बसवलंत आणि म्हणालात, "हितं बस. हलू नगं." पलटणीतले बूट घातले होते. उजव्या खिशात मूठभर चिंचोके. शंभर कदम झाले की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. पहिली जागा कॉलेजच्या मागच्या बंगल्यातल्या खोल्या. चार चिंचोके. दुसरी जागा एका मालकीणबाईंच्या चाळीत. अकरा चिंचोके. तिसरं मुलींचं जुनं हॉस्टेल, गावाकडच्या अंगाला, मार्केट यार्डाच्या पलीकडं. तिकडून तुम्ही परत आलात तेव्हा डावा खिसा फुगला होता.

"तीस," तुम्ही म्हणालात. "तीन हजार कदम. पंचवीस मिनिटं."

मी मनातल्या मनात चार चिंचोक्यांच्या खोलीत सामानसुद्धा लावून टाकलं होतं. खिडकीत आरसा, कोपऱ्यात स्टोव्ह, सकाळी घंटा वाजल्यावर उठलं तरी वर्गात पोचता येईल अशी ऐट. आणि तुम्ही ट्रंक उचललीत ती तीस चिंचोक्यांच्या दिशेनं.

"आबा, लांबचंच घ्यायचं होतं तर मोजलं कशाला?"

"मोजल्याबिगर निवडलं असं कुनी म्हनू नये म्हनून."

मी रस्ताभर तोंड फुगवून चालले. वाटेत तुम्ही तुमचा हिशेब सांगितलात. चार चिंचोक्यांच्या जागेत वरच्या मजल्यावर पोरं राहत होती. अकरा चिंचोक्यांच्या जागेत रात्री दाराला कडी लागते की नाही, ते मालकीणबाईंनाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या जागेला उंच भिंत, लोखंडी फाटक, आत-बाहेर जाताना सही करायची वही आणि करड्या चेहऱ्याच्या रेक्टरबाई. फाटक संध्याकाळी साडेसहाला बंद. उशीर झाला की वहीत लाल खूण. एका सत्रात तीन लाल खुणा झाल्या की पालकांना पत्र.

"कालेज सा वाजता सुटतंय," तुम्ही म्हणालात. "पंचवीस मिनिटं चालाया. पाच मिनिटं राखीव. बास की."

आबा, इतका मोठा घोळ पलटणीतला हवालदारच घालू शकतो. तुम्ही ते अंतर मोजलंत मिनिटाला एकशेवीस कदमांनी, पायात बूट घालून, हात झुलवत, पहाटे उठून दहा मैल चालायची सवय असलेल्या पायांनी. आणि चालायचं होतं मी. पायात नव्या चपला, अंगावर पहिल्यांदाच रोज नेसायची पाचवारी, छातीशी चार पुस्तकं आणि जर्नल, आणि रस्त्यात मान वर करायची नाही ही आईची शिकवण. ते तीन हजार कदम माझे साडेचार हजार झाले आणि पंचवीस मिनिटांची झाली छत्तीस. बस होती, नाही असं नाही. पण संध्याकाळच्या वेळी ती मिरजेहूनच गच्च भरून यायची आणि आमच्या थांब्यावर कंडक्टर नुसता हात हलवून पुढं जायचा.

पहिल्या पंधरवड्यात प्रॅक्टिकल दोनदाच सहापर्यंत चाललं, आणि दोन्ही वेळा लाल खूण पडली. मग मी घाबरून प्रॅक्टिकलमधून पंधरा मिनिटं आधीच निघायला लागले. तर सरांनी जर्नलवर सही करायचं बंद केलं. प्रयोग अर्धवट तर सही नाही, सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही. इकडं आड, तिकडं विहीर. तिसरी खूण पडली असती तर तुमच्या नावानं पत्र निघालं असतं, आणि तुम्ही ते वाचून, एक शब्द न बोलता, मला न्यायला आला असतात. मला बापूकाकांची भीती वाटत नव्हती. तुमच्या खरेपणाची वाटत होती.

मेहरुन माझ्या खोलीत होती. आष्ट्याच्या विणकराची मुलगी, माझ्याच वर्गातली, तिच्याही नावापुढं दोन लाल खुणा. ती म्हणाली, "रडून काय हुतंय? ज्यानं मोजलं त्यालाच बोलीव की." मी आंतरदेशीय पत्र घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तुमची चूक काढली. एवढंच लिहिलं: आबा, तुमचं माप चुकलंय. येऊन बघा. शालन.

तुम्ही शनिवारी दुपारी आलात. बाजरीच्या भाकरी, लसणाची चटणी आणि कपाळाला आठी. कॉलेजच्या फाटकाशी उभे राहिलात आणि मी बाहेर पडले तेव्हा एवढंच म्हणालात, "चल. रोज चालतीस तशी चल. म्या मागनं येतो." तुम्ही दहा पावलं मागं, हातातल्या घड्याळावर डोळा. मी एकदाही वळून बघितलं नाही. मार्केट यार्डाशी हळदीच्या पोत्यांच्या गाड्या आडव्या आल्या, तेव्हा मी थांबले, बाजूला झाले, पदर सावरला, पुस्तकं सावरली, परत चालले. हॉस्टेलच्या पायरीशी आल्यावर तुम्ही घड्याळ झाकलंत.

"किती?" मी विचारलं.

"छत्तीस."

"मग? चुकलं का नाही माप?"

"माप बराबर हाय. तुजी चाल ढिली हाय."

तेव्हा माझं डोकं फिरलं. फाटकापाशी, वॉचमनसमोर, मी ओरडले, "आबा, मी पलटण न्हाई! मी तुमची पोरगी हाय!" मला वाटलं, आता हा माणूस मला थोबाडीत देणार किंवा ट्रंक भरायला सांगणार. तुम्ही दोन्हींतलं काही केलं नाहीत. सरळ रेक्टरबाईंच्या ऑफिसात गेलात. मी दाराशी उभी.

बाई तुमच्या आधीच बोलल्या. "हवालदार, फाटक साडेसहालाच लागेल. एक मिनिटसुद्धा पुढं नाही. आज तुमच्या मुलीसाठी थांबवलं तर उद्या सगळ्यांसाठी थांबवावं लागेल."

"न्हाई बाई," तुम्ही म्हणालात, "फाटक कशाला हलवायचं? पोरीच हलवायच्या हायत. उंद्या सकाळी तुमचं आंगण मिळंल का, दोन तास?"

बाईंनी चष्म्यावरून तुमच्याकडं बघितलं. त्या हसल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही नाही. पण म्हणाल्या, "सातला फाटक उघडतं."

रविवारी सकाळी हॉस्टेलच्या अंगणात आम्ही सात जणी उभ्या होतो. आमच्या कॉलेजच्या, प्रत्येकीच्या नावापुढं दोन लाल खुणा, उशिराच्या धास्तीनं वाळून चाललेल्या सात जणी. सुरुवातीला पोरी खिदळत होत्या. तुम्ही हात मागं बांधून, त्यांचं हसू संपेपर्यंत नुसते उभे राहिलात. मग मला पुढं बोलावलंत.

"ही पुस्तकं छातीशी का धरलीस?"

"सगळ्याच धरतात."

"म्हंजी दोनी हात बांधून चालतीस. हात सुटलं तर पाय सुटतोय. पिशवी कर, खांद्याला तिरकी अडकीव, हात मोकळं सोड." मग सगळ्यांना म्हणालात, "निऱ्या चार बोटं वर. पट्ट्याची चप्पल. आन् मान वर. खाली बघून चालनाऱ्याला रस्ता लांब हुतोय."

आबा, तुम्हाला कळत होतं का तुम्ही काय सांगताय ते? आपल्या गावात मी मान वर करून आडापर्यंत गेले असते तर तुम्हीच आईला बोल लावला असता. तिथं त्या अंगणात तुम्ही सात पोरींना हात झुलवायला शिकवत होतात, भर रस्त्यानं पुढं बघत चालायला शिकवत होतात आणि तुमच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. तुमच्या लेखी तो फक्त अकरा मिनिटांचा प्रश्न होता. की नव्हता? हे विचारायचं राहून गेलं.

मेहरुनचा आवाज खणखणीत, म्हणून गिनती तिच्याकडं. "चाचा, लेफ्ट-राइट म्हणू का डावा-उजवा?" तुम्ही म्हणालात, "काय बी म्हन, पन ठेका चुकवू नगं." तुम्ही आणखी दोन रविवार आलात. एवढा लांबचा प्रवास, पहाटेच्या गाडीनं. तिसऱ्या रविवारी आम्हाला कॉलेजपासून हॉस्टेलपर्यंत रस्त्यावरून नेलंत, सगळ्यांत पुढं तुम्ही, आणि घड्याळ बघून म्हणालात, "सव्वीस. अजून एक मिनिट हाय तुमच्या पायांत." आम्ही घामानं निथळत होतो आणि वाटत होतं, हा माणूस बाप नसून कसाई आहे.

मग तो मंगळवार. तोवर आमची एकही खूण वाढली नव्हती. पण त्या दिवशी प्रॅक्टिकलमध्ये माझं टायट्रेशन तीनदा फसलं. रंग यायचा तो पुढं निघून जायचा. सहा वाजले. बाकीच्या सहा जणी दाराशी थांबलेल्या. मी मेहरुनला हातानं खुणावलं, जा. तिनं मान हलवली, नाही. चौथ्यांदा रंग बरोबर आला, अगदी फिकट गुलाबी, सरांनी सही केली आणि आम्ही बाहेर पडलो तेव्हा कॉलेजच्या घड्याळात सहा वाजून चार मिनिटं झाली होती. सात जणींच्या सात तिसऱ्या खुणा. सात घरांना सात पत्रं.

"पलटन!" मेहरुन ओरडली. "आगे चल!"

दोन ओळी करून आम्ही निघालो. हात झुलत होते, पिशव्या पाठीवर आपटत होत्या, मान वर. सायकलवरून जाणारी पोरं शिट्ट्या मारायला लागली, "मिल्ट्री आली रं!" आमच्यातल्या एकीनंसुद्धा खाली बघितलं नाही. शिट्ट्या मागं पडल्या, कारण आम्ही थांबलोच नाही. मार्केट यार्डाशी तोच गाड्यांचा घोळका. एरवी मी बाजूला झाले असते. त्या दिवशी मेहरुनचा ठेका ऐकून एका गाडीवानानं बैलांचा कासरा ओढला आणि गाडी कडेला घेतली. त्याच्या मागच्यानंही घेतली. हळदीच्या वासातून आम्ही सरळ पार झालो. पोटात दुखत होतं, घशाला कोरड पडली होती, आणि तरी मला हसू येत होतं. असं हसू मला त्याआधी कधी आलं नव्हतं.

वॉचमननं फाटकाच्या दांडीला हात घातला होता. आम्ही आत शिरलो. ऑफिसातल्या घड्याळात सहा एकोणतीस. चारपासून एकोणतीस, म्हणजे पंचवीस मिनिटं. तुमचं माप. रेक्टरबाई वही घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वही मिटली आणि स्वयंपाकघरातल्या बाईंना हाक मारली, "यांना आधी गूळपाणी द्या." सत्र संपेपर्यंत आमच्या नावापुढं तिसरी लाल खूण पडली नाही. पुढच्या चारही वर्षांत पडली नाही.

मी तुम्हाला कार्ड टाकलं: पंचवीस मिनिटं लागली, सहा एकोणतीसला आत. तुमचं उलट टपाली उत्तर आलं: राखीव पाच मिनिटं कुठे गेली? अभ्यास करणे. दिवाळीला घरी आले तर एस.टी.पासून घरापर्यंत तशीच चालत आले, हात सोडून. बापूकाका दारातून ओरडले, "दादा, पोरगी पलटणीत घातलीस का काय?" तुम्ही सुपारी कातरत होतात. वर न बघता म्हणालात, "व्हय. म्याच घातली."

त्या एका वाक्यानं माझं सगळं रुसणं फिटलं होतं, हे तुम्हाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आपण दोघं एकाच मातीचे, नाकावर राग आणि मायेला कुलूप. पुढं मी साताऱ्याच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झाले, पहिल्या दिवशी मुलांसमोर मान वर करून उभी राहिले, तेव्हाही तुम्हालाच सांगावंसं वाटलं, आणि पत्रात लिहिलं काय, तर इकडं हवा बरी आहे.

गेल्या थंडीत तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी पुन्हा तोच वाद उकरून काढला होता. म्हटलं, "आता तरी कबूल करा. जवळचं हॉस्टेल घ्यायला हवं होतं." तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "जवळचं घेतलं असतं तर बापूनं महिन्यात उठवून आणली असती तुला. वर पोरं राहत्यात म्हनला असता. त्या फाटकापुढं त्याला बोलाया जागाच ठिवली न्हाई." म्हणजे ते फाटक माझ्यासाठी नव्हतंच, गावासाठी होतं. हे इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं होतंत, आबा. मग मी म्हटलं, "ते जाऊ द्या, माप तरी चुकलं होतं का नाही?" तुम्ही एक डोळा उघडलात. "पोचलीस न्हवं?" मी तुम्हाला चहा आणायला उठले. उठायच्या आधी तुमचे पाय धरायला हवे होते. त्या पायांनी माझ्यासाठी तीन हजार कदम किती वेळा तुडवले, ते मला मोजता येत नाही. तेवढं राहिलं, आणि ते आता जन्मभर सलणार.

पण हे पत्र मी रडायला लिहिलेलं नाही. काल दिवेलागणीला, पानं उठल्यावर, बापूकाका माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या मागं त्यांची धाकटी, मंदा. काका बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"शालन, येक इचारायचं हुतं. मंदी दहावी सुटली. सायन्स म्हनतीया. तुज्यावानी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतेय.

"सांगलीला ठिवावी म्हनतो," काका म्हणाले. "त्याच फाटकाच्या हॉस्टेलात. दादानं तुला ठिवली हुती तितंच. दादाची निवड म्हंजी निवड."

आबा, ज्या माणसानं तुमच्या सोप्यात बसून माझ्या तक्रारीच्या कागदाची वाट बघितली, तो माणूस तुमच्या तेराव्याला आपली पोरगी माझ्या हवाली करत होता. त्या क्षणी तुम्ही नव्हता याचा मला इतका राग आला, की काय सांगू. दोन आठवडे थांबला असता तर काय बिघडलं असतं?

मी मंदाकडं वळले. "मंदे, तुला कुठं राहायचंय?"

"तिला काय इचारतीस?" काका म्हणाले.

"राहायचं तिला आहे, काका."

मंदा आधी बापाकडं बघत होती. मग माझ्याकडं बघून सरळ म्हणाली, "आक्का, मला कालेजाच्या जवळ पायजे. रोज तासभर रस्ता तुडवत बसलू तर अब्यास कवा करायचा?"

मी हसले. दुखवट्याच्या घरात, तुमच्या फोटोसमोर, मोठ्यानं हसले. आई आतून उठून आली, काय झालं म्हणाली, आणि ऐकल्यावर डोळ्यांना पदर लावून तीही हसायला लागली.

सोमवारी मी मंदाला घेऊन सांगलीला जाते आहे. तुम्ही असता तर तुम्हालाही बरोबर नेलं असतं, आबा. निवडू मात्र दिलं नसतं.

तुमची,
शालन